टाइमलाइनवरून ब्लू-रे डिस्ककडे

संपादन पूर्ण झालेली हाय-डेफिनिशन फिल्म ब्लू-रे डिस्कवर न्यायची तर दोन वेगळी कामे करावी लागतात. पहिले एक्स्पोर्टचे: टाइमलाइनवरचे चित्र आणि ध्वनी डिस्कला चालतील अशा फाइलींमध्ये उतरवणे. दुसरे ऑथरिंगचे: त्या फाइलींना मेनू, चॅप्टर आणि उपशीर्षके जोडून प्लेअरला वाचता येईल अशी रचना तयार करणे. चूक बहुधा पहिल्या टप्प्यात होते आणि उघडकीला येते ती दुसरा टप्पा संपून डिस्क राइट झाल्यावर, तीही बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या घरी.

इंटरनेटवर चढवायच्या व्हिडिओला बरेच काही माफ असते. संकेतस्थळ ती फाइल स्वतःच पुन्हा एन्कोड करून घेते, आणि संगणकावरचा प्लेअर तर जवळपास काहीही चालवून दाखवतो. टीव्हीखाली ठेवलेल्या ब्लू-रे प्लेअरमधली चिप मात्र मोजकीच रूपे ओळखते. २००६ साली पहिले प्लेअर विक्रीला आले तेव्हा ती रूपे ठरून गेली होती, आणि नेहमीच्या १०८० ओळींच्या डिस्कसाठी आजही तीच पाळावी लागतात. त्यामुळे एक्स्पोर्टच्या खिडकीत पहिला प्रश्न दर्जाचा नसतो. निवडलेले रूप मान्य यादीत बसते का, हा असतो. दर्जाचा विचार त्यानंतर.

डिस्कची मर्यादा तिच्या बांधणीतून येते. ब्लू-रे डिस्कचा व्यास सीडी-डीव्हीडीइतकाच, १२ सेंटिमीटर. सीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या, आणि ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या जांभळट निळ्या लेसरने. तरंगलांबी आखूड असल्याने आणि भिंग अधिक जवळून, अधिक रुंद कोनातून प्रकाश एकवटत असल्याने ठिपका बारीक पडतो. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात तिथे ब्लू-रेच्या थरात २५ मावतात, आणि दोन थरांच्या डिस्कमध्ये ५०. प्रवाहालाही कमाल मर्यादा आहे: चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिट, चित्र-ध्वनी-उपशीर्षके सगळे मिळून ४८. डीव्हीडीचे चित्र ९.८ मेगाबिटवर थांबत असे. बिटरेटची ही चैन पाहून पुष्कळ जण कमाल आकडा टाकून मोकळे होतात. ते का टाळावे हे पुढे येईल.

चित्राला तीन कोडेक मान्य आहेत: एमपीईजी-२, एच.२६४ आणि व्हीसी-१. घरगुती आणि स्टुडिओच्या कामात आज एच.२६४ हाच व्यवहार्य पर्याय आहे, कारण तेवढ्याच बिटरेटमध्ये तो एमपीईजी-२ पेक्षा स्पष्टपणे चांगले चित्र देतो. एमपीईजी-२ चा फायदा एकच, एन्कोडिंग लवकर उरकते. फोन आणि नव्या कॅमेऱ्यांचा एच.२६५ या यादीत नाही. तो अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा कोडेक आहे, आणि ती डिस्क हा वेगळाच प्रकार आहे. चार-के टाइमलाइन साध्या ब्लू-रेसाठी १०८० ओळींवर उतरवावीच लागते. ३८४० बाय २१६० चे बरोबर अर्धे १९२० बाय १०८० होत असल्याने हे उतरणे स्वच्छ होते.

खरी गुंतागुंत आहे फ्रेमच्या वेगात. १९२० बाय १०८० या आकारात प्रोग्रेसिव्ह चित्र सेकंदाला २३.९७६ किंवा २४ फ्रेमचेच चालते. बाकीचे दोन पर्याय इंटरलेस्ड आहेत: २५ फ्रेमचा, म्हणजे ५० फील्डचा, आणि २९.९७ फ्रेमचा, म्हणजे ५९.९४ फील्डचा. १२८० बाय ७२० मध्ये २३.९७६, २४, ५० आणि ५९.९४ हे वेग प्रोग्रेसिव्ह रूपात मिळतात. जुन्या एचडीव्ही कॅमेऱ्यांचा १४४० बाय १०८० हा दाबलेला आकारही चालतो. प्लेअर तो आडवा ताणून दाखवतो.

या यादीत १०८० ओळींचे २५ फ्रेमचे प्रोग्रेसिव्ह चित्र कुठेच नाही, आणि भारतात नाटक, लग्न, मैफल, शाळेचे स्नेहसंमेलन यांचे चित्रीकरण नेमके त्याच रूपात होते. इथला वीजप्रवाह ५० हर्ट्झचा. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० चा शटर ठेवला की ट्यूबलाइट आणि रंगमंचावरचे दिवे चित्रात फडफडत नाहीत. शिवाय आपले दूरदर्शन प्रसारणही २५ फ्रेमच्या पाल पद्धतीवर वाढले. थोडक्यात, कॅमेरामनने योग्य तेच केलेले असते आणि तरीही डिस्कच्या यादीत त्याला जागा नसते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. २५ फ्रेमचे प्रोग्रेसिव्ह चित्र इंटरलेस्ड म्हणून एन्कोड करायचे. इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेमचे दोन फील्ड असतात, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. खऱ्या इंटरलेस्ड कॅमेऱ्यात ही दोन फील्ड सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. इथे ती एकाच क्षणाची असतात, कारण मूळ फ्रेम एकच आहे. टीव्ही ती परत गुंफतो तेव्हा मूळ फ्रेम जशीच्या तशी मिळते; काहीही गमावले जात नाही. एक्स्पोर्टच्या खिडकीत ब्लू-रेसाठीचा एच.२६४ फॉरमॅट घेऊन १०८० इंटरलेस्ड, २५ फ्रेम, वरचे फील्ड आधी, असा प्रीसेट निवडायचा. एक्स-२६४ या मुक्त एन्कोडरमध्ये तर फ्रेम प्रोग्रेसिव्हच ठेवून तिच्यावर इंटरलेस्डची खूण मारण्याची खास सोय आहे. हा एन्कोडर २०१० मध्ये ब्लू-रेला मान्य अशा फाइली काढू लागला आणि महागडी साधने न परवडणाऱ्यांची मोठी अडचण दूर झाली.

चुकीचा उपाय त्याहून सोपा असतो: २५ ची टाइमलाइन २४ किंवा २९.९७ च्या प्रीसेटला देऊन टाकणे. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. २९.९७ साठी ते दर सेकंदाला सुमारे पाच फ्रेम पुन्हा दाखवते किंवा शेजारच्या दोन फ्रेम मिसळून नवी तयार करते, आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत जाते. २४ साठी सेकंदाला एक फ्रेम गळते आणि दर सेकंदाला एक हिसका बसतो. संगणकाच्या लहान खिडकीत हे चटकन दिसत नाही, मोठ्या टीव्हीवर लपत नाही.

मूळ चित्रीकरण ५० फ्रेमचे प्रोग्रेसिव्ह असेल तर निवड खऱ्या अर्थाने करावी लागते, कारण १०८० ओळींत ५० प्रोग्रेसिव्ह मान्य नाही. एक वाट १०८० इंटरलेस्डची: बारकावे जास्त, हालचालही ५० टप्प्यांची, पण टीव्हीच्या डीइंटरलेसिंगवर भिस्त. दुसरी ७२० ओळींची, ५० प्रोग्रेसिव्ह: ओळी कमी, हालचाल नितळ. लेझीम, ढोल-ताशा किंवा कबड्डी यांसारख्या विषयाला दुसरी वाट अधिक शोभते. मंचावर बसून चाललेल्या गायनाला पहिली. इंटरलेस्ड चित्रात अगदी बारीक आडव्या रेषा थरथरतात, तेव्हा श्रेयनामावलीतल्या एका ओळीच्या जाडीच्या रेघा एक्स्पोर्टपूर्वीच जाड करून घेतलेल्या बऱ्या.

डिस्क कुठे पाहिली जाणार हाही प्रश्न इथेच सोडवावा लागतो. ५० फील्डच्या डिस्क भारत, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या प्लेअरवर चालतात. अमेरिकेत विकले गेलेले अनेक प्लेअर मात्र ५० हर्ट्झचे चित्र स्वीकारतच नाहीत. रीजन कोडशी याचा संबंध नाही. भारत सी विभागात आणि अमेरिका ए विभागात असली, तरी घरी बनवलेल्या डिस्कवर असे कुलूप नसते. अडचण निव्वळ वेगाची आहे. पुण्यातल्या लग्नाची डिस्क न्यू जर्सीतल्या मावशीकडे जायची असेल तर वेगळे एक्स्पोर्ट काढणे शहाणपणाचे.

त्यासाठीचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे फिल्म किंचित हळू चालवणे. २५ फ्रेम प्रति सेकंद याचा अर्थ २३.९७६ फ्रेम प्रति सेकंद असा लावला की एकही फ्रेम गळत नाही, एकही नवी बनत नाही. दोन तासांची फिल्म फक्त सुमारे पाच मिनिटांनी लांबते. चित्रात कोणाला काही जाणवत नाही. ध्वनी मात्र तेवढाच हळू केला तर जवळजवळ पाऊण पट्टी खाली उतरतो. भाषणात ते खपून जाईल, पण नाट्यसंगीताच्या जाणकाराच्या कानाला सूर पडलेला कळेलच. म्हणून ध्वनी ताणताना पट्टी कायम राखणारी सोय वापरावी आणि तानपुरा किंवा लांबलेला स्वर असलेला भाग ऐकून पाहावा, कारण स्वस्त सोयीने ताणलेला आवाज तिथेच कंप पावतो.

फोनवर घेतलेले तुकडे हा आणखी एक अडथळा. फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, आणि अशी फाइल तशीच टाइमलाइनवर टाकली की शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. ती आधी स्थिर वेगाच्या फाइलीत, शक्यतो प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडीसारख्या हलक्या दाबाच्या कोडेकमध्ये उतरवून घ्यावी. नव्या फोनचे एचडीआर चित्रही साध्या ब्लू-रेला चालत नाही. डिस्कवर ८ बिटचे, रेक. ७०९ रंगमापातले चित्र जाते, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी १६ ते २३५ मध्ये बसवलेली असते. ही पातळी चुकली तर काळे करडे दिसते किंवा शुभ्र शालूवरचे विणकाम नाहीसे होते.

एच.२६४ च्या अंतर्गत बंधनांपैकी बहुतेक ब्लू-रेचा प्रीसेट निवडताच आपोआप पाळली जातात. ती माहीत असावीत एवढ्याचसाठी, की साध्या एमपी-४ प्रीसेटची फाइल वरून तशीच दिसत असूनही ऑथरिंग सॉफ्टवेअर ती का नाकारते हे समजावे. हाय प्रोफाइल आणि लेव्हल ४.१ यांच्या आत राहावे लागते. लेव्हल ४.१ ला प्रत्येक चित्र किमान चार पट्ट्यांत विभागलेले हवे. कमाल बिटरेट १५ मेगाबिटच्या वर असेल तर दर सेकंदाला किमान एक पूर्ण स्वरूपातली फ्रेम हवी. त्याखाली दोन सेकंदांची सवलत मिळते. इंटरनेटसाठीच्या फाइलींत हे अंतर सहज पाच-दहा सेकंदांचे असते. अशी फाइल मिळाली की ऑथरिंग सॉफ्टवेअर मुकाट्याने ती पुन्हा एन्कोड करते. एकदा दाबलेले चित्र दुसऱ्यांदा दाबले जाते, अंधाऱ्या भागांत चौकोन उठतात, आणि दोष डिस्कवर ढकलला जातो. ऑथरिंगच्या यादीत आपल्या फाइलीसमोर ‘ट्रान्सकोड नको’ अशा अर्थाची खूण आली आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता बिटरेट. गणित शाळकरी आहे, पण ते करण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. समजा, दोन तास चाळीस मिनिटांचे संगीत नाटक एका थराच्या डिस्कवर घ्यायचे आहे. २५ गिगाबाइट म्हणजे २ लाख मेगाबिट. मेनू, उपशीर्षके आणि प्रवाहाच्या वेष्टणासाठी ८ टक्के बाजूला काढले की १ लाख ८४ हजार उरतात. नाटकाचे ९,६०० सेकंद. भागाकार येतो साधारण १९ मेगाबिट. त्यातून ध्वनीचा दीड मेगाबिट वजा केला की चित्राला सरासरी साडेसतरा मिळतात. रंगमंचावरच्या स्थिर चित्राला एच.२६४ मध्ये एवढे पुष्कळ झाले. दोन पासांचे बदलते एन्कोडिंग निवडून सरासरी १७.५ आणि कमाल ३० ठेवावी. पहिल्या पासात एन्कोडर कुठे हालचाल जास्त आहे ते पाहून ठेवतो आणि दुसऱ्या पासात स्थिर प्रसंगांतून वाचवलेले बिट तिकडे वळवतो.

कमाल ४० ला मान्यता असूनही ३० वर थांबायचे कारण राइट केलेल्या डिस्कच्या स्वभावात आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे साच्याने उठवलेले असतात. घरी राइट होणाऱ्या डिस्कमध्ये लेसर एका थराचा गुणधर्म बदलतो आणि परावर्तन तेवढे स्पष्ट येत नाही. जुना प्लेअर अशा डिस्कवरून वाचताना पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. बिटरेट टोकाला असेल तर तेवढी उसंत मिळत नाही आणि चित्र थबकते. आणखी एक गोंधळ आकड्यांचा: विंडोज २५ गिगाबाइटची डिस्क २३.३ म्हणून दाखवते, कारण तिथे मोजणी १,०२४ च्या पटीत होते. काहीही चोरीला गेलेले नसते.

थोडक्या वेळाच्या फिल्मसाठी स्वस्त पळवाटही आहे. सोनी आणि पॅनासोनिक यांच्या २००६ च्या एव्हीसीएचडी पद्धतीनुसार साध्या डीव्हीडी-आरवर एच.२६४ चे हाय-डेफिनिशन चित्र घेता येते आणि पुष्कळ ब्लू-रे प्लेअर ती डिस्क चालवतात. डीव्हीडी फिरण्याच्या वेगामुळे एकूण प्रवाह १८ मेगाबिटच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे साधारण ३५ मिनिटे मावतात. मुंजीच्या संक्षिप्त फिल्मला एवढे पुरते.

ध्वनीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक एएसीची आहे. इंटरनेटच्या जगात सर्वत्र असलेला हा कोडेक ब्लू-रेच्या यादीत नाही, एमपी-३ ही नाही. प्रत्येक प्लेअरला चालवावेच लागतात असे तीन प्रकार म्हणजे न दाबलेला एलपीसीएम, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ. संगीताच्या सीडीवरून घेतलेला ४४.१ चा ध्वनी बदलून घ्यावा लागतो. दोन चॅनलचा १६ बिट एलपीसीएम सेकंदाला १.५४ मेगाबिट घेतो, आणि जागा असेल तर गायनाच्या कार्यक्रमाला तोच द्यावा. सहा चॅनलचा २४ बिट एलपीसीएम सुमारे ७ मेगाबिट खातो, तिथे मात्र ६४० किलोबिटपर्यंत जाणारे डॉल्बी डिजिटल व्यवहारी ठरते. डॉल्बीच्या खिडकीत संवादपातळीचा एक आकडा असतो. तो उणे ३१ ठेवला तर आवाज आहे तसा जातो; उणे २७ ठेवला तर प्लेअर आवाज ४ डेसिबलने उतरवतो. ‘डिस्कवर आवाज बारीक येतो’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.

ब्लू-रेच्या प्रीसेटने एक्स्पोर्ट केले की चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या फाइलींत निघतात, आणि नवख्याला वाटते की आवाज हरवला. हे असेच अपेक्षित आहे. दोन्ही प्रवाह एकत्र विणण्याचे काम ऑथरिंग सॉफ्टवेअरचे. चॅप्टरच्या खुणा टाइमलाइनवरच टाकाव्यात, म्हणजे एन्कोडर त्या जागी पूर्ण फ्रेम ठेवतो. नंतर टाकलेली खूण जवळच्या पूर्ण फ्रेमकडे सरकते, आणि नांदीऐवजी आधीच्या निवेदनाचे अर्धे वाक्य ऐकू येते.

उपशीर्षकांच्या बाबतीत ब्लू-रे देवनागरीला अनुकूल आहे. ती डिस्कवर बहुतेकदा मजकूर म्हणून जातच नाहीत, चित्रे म्हणून जातात. प्लेअरमध्ये मराठी फाँट असण्याची गरज उरत नाही. डीव्हीडीच्या उपशीर्षकाला चारच रंग मिळत, त्यामुळे जोडाक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत. ब्लू-रेच्या २५६ रंगांच्या तक्त्यात कडा मऊ राहतात. मात्र ते चित्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते त्याला देवनागरीची जुळणी यायला हवी. ती येत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. अशा वेळी उपशीर्षके दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पीएनजी चित्रांच्या रूपात तयार करून वेळांच्या यादीसह आणावीत. काम वाढते, पण ‘क्ष’ शाबूत राहतो.

ऑथरिंगसाठीच्या साधनांची कथा काहीशी उदास आहे. ॲडोबीचे एन्कोर २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीनंतर पुढे गेले नाही, तरी जुन्या संगणकांवर ते अजून वापरात आहे. ॲपलने आपल्या मॅकमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह कधी दिलाच नाही. व्यावसायिक छपाईसाठी सिनारिस्ट, घरगुती कामासाठी टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स, आणि मेनू नकोच असेल तर मोफत टीएस-मक्सर एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. कोणतेही वापरले तरी शेवटी मिळणारी रचना एकच: बीडीएमव्ही नावाचे फोल्डर, त्यात प्रवाहांच्या एम-२-टीएस फाइली, त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या हे सांगणाऱ्या प्लेलिस्ट आणि प्रत्येक प्रवाहाची तपशीलवार नोंद. फाइल पद्धत यूडीएफ २.५ असावी लागते. फोल्डर साध्या डेटा डिस्कसारखे उचलून टाकले तर काही प्लेअर ती डिस्क व्हिडिओ म्हणून ओळखत नाहीत.

राइट करताना आधी संपूर्ण डिस्कची इमेज फाइल तयार करावी, ती पुन्हा लिहिता येणाऱ्या बीडी-आरईवर उतरवून खऱ्या प्लेअरवर पाहावी आणि मगच बीडी-आर वापरावी. व्हीएलसीमध्ये चालली म्हणजे डिस्क बरोबर आहे असा अर्थ निघत नाही. व्हीएलसी चुकीची डिस्कही चालवतो. तपासताना सुरुवात पाहून थांबू नये. मेनूचे प्रत्येक बटण, प्रत्येक चॅप्टर, दोन थरांची डिस्क असेल तर थर बदलतो तिथला मधला भाग, आणि शेवटची पाच मिनिटे पाहावीत. राइट करण्याचा वेग डिस्कवर छापलेल्या कमाल वेगापेक्षा एक पायरी खाली ठेवावा. तयार झालेली इमेज फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवावी. पॅनासोनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करण्याच्या ब्लू-रे डिस्क बनवणे बंद केले, त्यामुळे कोऱ्या डिस्क आता मोजक्याच उत्पादकांकडून येतात आणि एका गिऱ्हाइकासाठी लागणाऱ्या प्रती एकाच खेपेच्या डिस्कवर काढून घेणे सोयीचे पडते.